अकरावी-बारावी सांभाळून धंदा कसा करायचा: पोरांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी सविस्तर

माझ्या कॉमर्सच्या क्लासला दरवर्षी दोनतीन तरी पोरं अशी येतात ज्यांचं काहीतरी आधीच सुरू असतं. कोणी केक करतं, कोणी राख्या, कोणी लोकांना रील एडिट करून देतं, कोणाच्या घरी किराणा दुकान असतं आणि संध्याकाळी गल्ल्यावर तोच बसतो. बॅच सुटली की थांबून हळूच विचारतात, मॅडम दोन्ही जमेल का?

जमतं. पण त्यासाठी धंदा असा लागतो जो तुला हवा तेव्हा महिनादोन महिने बंद ठेवता येईल आणि परत सुरू करता येईल. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, खालचं जे काही आहे ते हे कसं साधायचं याबद्दल आहे.

२०१८ मध्ये मुंबईच्या तिलक मेहताने वयाच्या तेराव्या वर्षी डबेवाल्यांच्या मदतीने पार्सल पोचवायची कंपनी सुरू केली, ती बातमी अजून आईबाबांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरते आणि मग घरोघरी पोरांना ऐकवली जाते. कल्पना त्याचीच होती आणि कौतुक करावं तेवढं थोडं, पण कंपनीचा रोजचा कारभार बघायला बँकेतली नोकरी सोडून आलेला एक मोठा माणूस सीईओ होता हे कोणी फॉरवर्ड करत नाही. तुझ्या मागे असा पूर्णवेळ माणूस नसेल तर त्याच्याशी स्वतःची तुलना करू नकोस.

पायरी १: धंद्याआधी आठवडा मोज

आठवड्यात १६८ तास असतात. झोपेचे ५६ आधी काढून ठेव. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते असं अमेरिकेतली झोपेच्या डॉक्टरांची संघटना सांगते, मी त्यातला सगळ्यात कमी आकडा धरलाय, त्याखाली जायचं नाही. कॉलेज, क्लास आणि जाण्यायेण्याचे साधारण ५०. घरी बसून अभ्यास १६. जेवण, आंघोळ, घरातली कामं २१. उरले २५.

या २५ मधले धंद्याला जास्तीत जास्त १० द्यायचे, मी तर सुरुवातीला ८ च सांगते. बाकीचे १५ मित्र, मैदान, फोन, नुसतं लोळणं यासाठी, आणि ते वाया गेले असं कोणी म्हटलं तरी ऐकू नकोस, सोळाव्या वर्षी ते लागतातच. तुझे आकडे वेगळे येतील, डोंबिवलीहून लोकलने जाणाऱ्याचा प्रवासच केवढा होतो, पण एकदा कागदावर मांड. ज्याचे २५ ऐवजी ६ उरतात त्याने सध्या फक्त सुट्टीत धंदा करावा, आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

पायरी २: बंद करता येईल असाच धंदा निवड

रोजचा डबा देणं नको. रोज सकाळी गिऱ्हाईक उपाशी वाट बघत बसणार, तुझी युनिट टेस्ट आहे म्हणून ते थांबणार नाही. महिन्याच्या वर्गणीवर चालणारं काहीही तसंच. राख्या, आकाशकंदील, रंगवलेल्या पणत्या, उटणं, लग्नसराईतली मेंदी, जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हरं घालून नावाची लेबलं लावून देणं, उन्हाळ्यात कोकम सरबत, ही सगळी सीझनची कामं, सीझन संपला की गिऱ्हाईक आपोआप थांबतं. एडिटिंग, डिझाईन, फोटो असलं काम एकेका ऑर्डरपुरतं घेता येतं म्हणून तेही चालतं, फक्त "दर महिन्याला ३० रील" असा सौदा करायचा नाही.

केक मधेच कुठेतरी येतो. ऑर्डर नाकारता येते हे बरं, पण वाढदिवसाची तारीख हलत नाही आणि दुसऱ्या दिवशी पेपर असताना रात्री क्रीम फाटलं की सगळं घर जागं राहतं. करायचाच तर फक्त शनिवार-रविवारच्या डिलिव्हरीचा कर.

दोन गोष्टींना मी धंदा म्हणतच नाही. एक म्हणजे ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअरचा भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावणं, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत की आधीच्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये खेळणाऱ्या साध्या लोकांपैकी १०० मधल्या ९३ जणांना तोटा झाला, आणि बाबांच्या खात्यावरून लपून ते करणारी पोरं मला माहितीयेत. दुसरं म्हणजे आधी पैसे भरून किट घ्यायचं आणि मग मित्रांना जोडायचं असलं चेनवालं काम, त्यात पैसे जातात आणि मित्रही जातात.

पायरी ३: एका नगाचा हिशेब मांड, वेळेसकट

आकाशकंदील घेऊ कारण दरवर्षी कोणीतरी करतंच. समज पतंगी कागद, बांबूच्या कामट्या, गोंद, दोरा, करंज्या आणि झिरमिळ्यांचा कागद मिळून एका कंदिलाला ५५ रुपये, वर पिशवीचे ५, झाले ६०. विकणार १८० ला. पोरं इथेच थांबतात आणि म्हणतात १२० सुटले. पण एक कंदील बनवायला सवा तास लागतो, म्हणजे ४० कंदिलांना ५० तास. आणि सगळे ४० कधीच जात नाहीत. ३२ गेले तर आले ५७६०, माल लागला सगळ्या ४० चा म्हणजे २४००, उरले ३३६०. ५० तासांनी भागलं तर तासाला ६७ रुपये, आणि यात रविवार पेठेत जाऊन माल आणायचा वेळ, लोकांना फोटो पाठवायचा वेळ अजून धरलाच नाही.

६७ वाईट आहेत असं नाही, पहिल्या वर्षी माझ्या मते चांगले आहेत. पण हा आकडा माहीत असला की निर्णय वेगळे होतात. करंज्या आधीच एकदम कापून ठेवल्या तर सव्वा तासाचा पाऊण तास होतो का बघता येतं. मावशी म्हणाली १२० ला दे ना, तर काय सोडतोय ते कळतं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाला मी पोरांना एकच उत्तर शिकवलंय, "किंमत हीच आहे काकू, लहान साईज दाखवू का?" भांडायचं नाही, पाडायचीही नाही.

मुंबईत असशील तर दिवाळीआधी एकदा माहीमच्या कंदील गल्लीत चक्कर मार. तिथे कशाला काय भाव आहे ते बघून आलास की आपली किंमत हवेत ठरत नाही.

पायरी ४: कॅलेंडर उलटं भर

दरवर्षी सगळ्यात जास्त पोरं इथे अडकतात. सहामाही असते दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर, आणि कंदिलाची खरेदी सुरू होते दसऱ्यानंतर. दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे माल बनवण्याचं काम नवरात्र बसायच्या आधी संपलेलं पाहिजे, त्यानंतर फक्त विक्री. ५० तासांचं काम, आठवड्याला ८ तास, म्हणजे सहासात आठवडे. मधे गणपती येणार, त्यात काम होत नाही आणि होऊही नये. म्हणजे जुलैच्या शेवटी कामट्या घरात आलेल्या पाहिजेत. लोकांना जुलैमध्ये कंदील बनवताना बघून विचित्र वाटतं, वाटू दे.

पावसाळ्यात बनवणार म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या. पिठाची खळ लावली की दमट हवेत बुरशी धरते, पांढरा गोंद वापर. आणि घडी होणारे कंदील कर, नाहीतर ४० कंदील ठेवायला आईच्या कपाटावर जागा पुरत नाही आणि कागद दबून खराब होतो.

राखीचं गणितही असंच, नारळी पौर्णिमेच्या आधी महिनाभर माल तयार, कारण परगावी पाठवणारे लोक आधी घेतात. वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजचं वेळापत्रक आणि दिनदर्शिका शेजारी ठेवून परीक्षांचे आठवडे लाल पेनने भरून टाक आणि त्या आठवड्यांत धंद्याचं काहीही लिहायचं नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम विसरू नकोस. माल आणायला लेक्चर बुडवायची सवय लागली की ती सुटत नाही.

पायरी ५: कागदपत्रं, थोडक्यात पण नीट

१८ पूर्ण होईपर्यंत तू कायद्याने करार करू शकत नाहीस. १८७२ चा करार कायदा तसं म्हणतो, आणि १९०३ पासून कोर्टाचं म्हणणं असं आहे की अज्ञान, म्हणजे १८ खालच्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल. त्यामुळे भाडं, उधारीवर मोठा माल, कंपनीशी काही लिहूनपढून घेणं, सगळं आई किंवा बाबांच्या नावावर. मित्रासोबत "पार्टनरशिप" म्हणशील तर भागीदारी कायद्यात अज्ञान मुलाला फक्त नफ्यात वाटा देता येतो, पूर्ण भागीदार होता येत नाही. तरी दोघांनी किती पैसे घातले आणि नफा कसा वाटायचा हे वहीत लिहून दोघांच्या आईबाबांना दाखवा, मैत्री टिकायला ते फार कामाला येतं.

बँक खातं: रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना परवानगी दिली की १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून चालवू द्यावं, मर्यादा काय ठेवायच्या ते प्रत्येक बँक ठरवते. म्हणून जवळच्या शाखेत जाऊन विचार, एटीएम कार्ड देतात का, किती रकमेपर्यंत. धंद्याचे पैसे या वेगळ्या खात्यात, बाबांच्या खात्यात मिसळले की वर्षाच्या शेवटी काहीच कळत नाही.

पॅन कार्ड १८ च्या आधीही मिळतं, अर्ज पालकाने करायचा. टॅक्सबद्दल पालकांनी हे लक्षात ठेवावं: मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज वगैरे आईबाबांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त त्यांच्यात धरलं जातं, पण मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कौशल्याने कमावलेलं मुलाचंच उत्पन्न मानतात. म्हणून तर वही नीट ठेवायची.

खायचं काहीही विकणार असाल, घरातून जरी, तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते, ती आईच्या नावावर ऑनलाईन काढा आणि १४ आकडी नंबर पाकिटावर छापा. जीएसटी महाराष्ट्रात मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या पुढे गेली की, सेवेला २० लाख, त्यामुळे राज्यातल्या राज्यात विकताना तुला सध्या काळजी नाही, परराज्यात माल पाठवायचा विचार असेल तर आधी एखाद्या सीएला विचार कारण तिथे नियम वेगळा आहे.

आणि डिलिव्हरी. लायसन नसताना बाबांची ॲक्टिव्हा काढून ऑर्डर द्यायला जायचं नाही, नाही म्हणजे नाही. पोरगं पकडलं गेलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या पोराला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. अपघाताचं तर बोलायलाच नको. सायकल, रिक्षा, बस, नाहीतर "घरी येऊन घेऊन जा".

पायरी ६: फोनला वेळ बांध

धंद्याने अभ्यास खाल्ला असं लोक म्हणतात, मी जेवढं बघितलंय त्यात अभ्यास बहुतेक वेळा फोन खातो. माल बनवायला तास लागतो, पण "ताई लाल रंगात आहे का", "अजून एक फोटो", "उद्या सांगते" यात तीन तास जातात आणि प्रत्येक वेळी फोन हातात घेतला की समोर अजून दहा गोष्टी असतात.

व्हॉट्सॅपचं बिझनेस ॲप वेगळ्या नंबरावर टाक, शक्यतो आईच्या जुन्या फोनवर, आणि तो फोन अभ्यासाच्या खोलीत नाही. त्यात कॅटलॉग असतो, किंमतीसकट सगळे फोटो तिथे टाकायचे म्हणजे निम्मे प्रश्न येतच नाहीत. वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज लावता येतो, "ऑर्डरचे मेसेज संध्याकाळी ७ ते ८ मध्ये बघते, तेव्हा नक्की उत्तर देईन". आणि मग खरंच त्याच वेळात उत्तर द्यायचं, रात्री ११ ला एकदा दिलंस की लोकांना तीच सवय. ॲडव्हान्स निम्मा घ्यायचा. ऑर्डर बंद होण्याची तारीख आधीच सांगायची आणि पाळायची.

इन्स्टाग्रामवर १८ खालच्यांची खाती आता आपोआप प्रायव्हेट धरली जातात, त्यामुळे खोटं वय टाकण्यापेक्षा धंद्याचं पेज आईबाबांच्या खात्यावरून चालव, त्यांना मेसेज दिसले तर ते चांगलंच आहे.

सुरक्षेचं मुलींना आणि मुलांना दोघांना सांगते. घराचा पत्ता पेजवर टाकायचा नाही. अनोळखी गिऱ्हाईकाला वस्तू देताना मोठं माणूस सोबत, नाहीतर ओळखीच्या दुकानात ठेवून द्यायची. पैसे यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, कोणी "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन कर" म्हणालं तर तो चोर. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट धरायचा नाही, खात्यात दिसले की माल द्यायचा. आणि अचानक २०० नगांची मोठी ऑर्डर, तीही कधी न भेटलेल्या माणसाची, तर आधी घरी सांगायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, आणि कोणी घाणेरडं बोललं, धमकी दिली तर घरच्यांना सांग, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे. तू धंदा करतेस म्हणून हे ऐकून घ्यायचं असं काही नसतं.

पायरी ७: वही

बीके, म्हणजे हिशेब लिहिण्याचा विषय, शिकवते म्हणून म्हणत नाही, पण एक वही ठेवच. तारीख, आले, गेले, शिल्लक. मागे उधारीचं वेगळं पान. आईबाबांनी सुरुवातीला दिलेले पैसे भांडवल आहेत, ते परत करायचे का नाही ते आधी ठरवा आणि लिहा. स्वतःसाठी घेतलेले पैसे म्हणजे उचल, वडापाव खाल्ला तरी उचल, लिहायची. महिन्याच्या शेवटी आधी पुढच्या मालाचे पैसे बाजूला, मग उरलेल्यातले निम्मे खात्यात आणि निम्मे तुझे, कशावरही उडव. स्वतः कमावलेले पैसे स्वतःच्या मर्जीने खर्च करायला मिळालेच नाहीत तर सोळाव्या वर्षी कोण कशाला राबेल. कर्ज मात्र नाही, मित्राकडून हजार रुपयेसुद्धा नाही.

मित्र, मैदान, पथक

मित्र फुकट मागतात. पहिल्या दिवसापासून ठरवून टाक, मित्रांना १० टक्के कमी, फुकट कोणालाच नाही, वाढदिवसाची भेट वेगळी. मदतीला बोलावलंस तर आधी पैसे किंवा निदान जेवण ठरव. आणि स्वतःच्या सोयीसाठी १४ खालच्या शेजारच्या पोरांना कामाला बसवायचं नाही, कायद्याने बंदी आहे आणि बरोबर आहे.

एक गोष्ट अशी ठेव ज्यातून एक रुपया येत नाही. ढोलपथक असेल, फुटबॉल असेल, नुसतं टेकडीवर जाणं असेल. चित्र छान काढणाऱ्या मुलीला सगळे सांगतात विक ना, विक ना, आणि मग तिला ऑर्डरशिवाय चित्र काढावंसंच वाटत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं. कॉलेजची सहल, गॅदरिंग, मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न, हे लाल पेनवाल्या आठवड्यांसारखंच कॅलेंडरमध्ये आधी लिही, त्या दिवशी दुकान बंद.

आईबाबांसाठी

नातेवाईकांसमोर मिरवू नका आणि चेष्टाही करू नका, दोन्हीने पोरावर दडपण येतं. सुरुवातीलाच एका कागदावर ठरवा, कोणत्या परिस्थितीत धंदा थांबेल. दोन विषयांत मार्क घसरले, झोप सहा तासांवर आली, चिडचिड वाढली, ऑर्डरबद्दल खोटं बोलायला लागला, तर पुढचा एक महिना बंद, आणि ही शिक्षा आहे असं बोलायचं नाही. त्याचे पैसे घरखर्चाला घेऊ नका, फारच गरज पडली तर मागून घ्या आणि वहीत लिहा.

आणि ज्यांच्या घरचाच धंदा आहे, दुकान, भाजीची गाडी, गोठा, तिथे पोराला निवड नसते हे मला माहितीये. बाबा आजारी पडले की सोळा वर्षांचा मुलगा सकाळी डेअरीला दूध घालून मग कॉलेजला येतो. त्याला "टाईम मॅनेजमेंट" सांगून काही होत नाही, त्याचे तास घरातल्या मोठ्यांनी मोकळे करायला लागतात. संध्याकाळची वेळ काका किंवा मावशी सांभाळेल असं ठरवा, परीक्षेच्या महिन्यापुरता पगारी माणूस ठेवा, त्याचा खर्च हा धंद्याचाच खर्च आहे. वर्गशिक्षकांना जाऊन सांगा, बरेच शिक्षक समजून घेतात. कॉलेज सोडून १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यायचा रस्ता आहे, पण तो घाईत घेऊ नका, एकट्याने घरी अभ्यास करायला त्याच्याकडे वेळ आणि जागा खरंच आहे का ते आधी बघा.

पायरी ८: बंद करणं आणि परत उघडणं

बारावीचं वर्ष असेल तर दिवाळी झाली की दुकान बंद. प्रॅक्टिकल, प्रिलिम आणि फेब्रुवारीत बोर्ड, यात काहीही बसत नाही. नीट-जेईई देणाऱ्यांनी बारावीत सुरूच करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. बंद करताना गुपचूप गायब व्हायचं नाही. महिनाभर आधी सगळ्या गिऱ्हाईकांना मेसेज: "बारावीची परीक्षा आहे, ऑर्डर अमुक तारखेपासून बंद, एप्रिलमध्ये परत सुरू". उरलेला माल कमी किंमतीत काढून टाक, कोणाचा ॲडव्हान्स बाकी असेल तर परत कर, वही बंद करून शेवटी शिल्लक लिही, आणि ते ॲप फोनवरून काढून टाक. लोक नाराज होत नाहीत, उलट काकू लोक परीक्षेला शुभेच्छा पाठवतात आणि एप्रिलमध्ये स्वतःहून विचारतात.

ज्यांनी अजून काहीच सुरू केलेलं नाही त्यांच्यासाठी दहावीच्या परीक्षेनंतरची मोठी सुट्टी सगळ्यात उत्तम. मार्च ते जून हातात वेळ असतो, काय जमतंय आणि काय आवडत नाही ते त्यातच कळतं, आणि अकरावी सुरू होताना हे आठ तासांत बसतंय का ते ठरवता येतं.

१८ पूर्ण झाली की त्याच महिन्यात बँकेत जाऊन खातं मोठ्या माणसाचं करून घे, पॅनवर फोटो आणि सही अपडेट कर, आणि आईच्या नावावर जे जे आहे त्याची यादी काढून कोणतं तुझ्या नावावर आणायचं ते तिच्याबरोबर बसून ठरव. खाण्याचे पदार्थ असतील तर नवीन नोंदणी हातात येईपर्यंत पाकिटावर आईचाच नंबर राहू दे.